राब

सर, तुम्ही मला त्या पायपिटीला का नेलंत, हा संशय तेव्हाही होता आणि तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली तरी गेलेला नाही. नव्वद-एक्क्याण्णवचा उन्हाळा असेल. इगतपुरीला गाडीतून उतरून आपण सातजण डोंगराकडे निघालो. तुमचा नियम एकच, दिवसभर नुसतं चालायचं आणि चित्राचा कागद संध्याकाळी उघडायचा. बाकीचे सगळे नाशिक शहरातले. आणि दर फाट्यावर तुमचं आपलं, "तू पुढं हो गं, वाट विचार." मनात म्हटलं, वा रे वा! चित्रकार सगळे हे, आणि मी वाटाडी. डोंगरातली पोरगी बरी सापडली यांना.

दुसऱ्या दिवशी एका खाचराच्या कोपऱ्यात जमिनीचा काळा तुकडा धुमसत होता. बाजूला एक बाई काठीनं पाला सारखा करत होती. आपली मंडळी हळहळली, "अरेरे, गरिबाचं शेत जळालं!" तुम्ही माझ्याकडे वळलात. "काय गं हे?" मला ठाऊक नसायला काय झालं? तो राब होता. भाताची रोपं करायची जागा पेरणीआधी शेण-पाला घालून भाजतात, तो. माझ्या डोक्यावरून किती भारे गेलेत त्याचे. पण मी म्हणाले, "माहीत नाही, सर." म्हटलं, काढा आता चित्रं! प्रदर्शनात पाच जणांनी जळकं शेत टांगलं. तुम्ही काहीच टांगलं नाहीत. मला वाटलं, सर हुशार, अंग काढून घेतलं.

तुमच्यामागे तुमच्या पत्नींनी तुमची चित्रांची वही मला दिली. त्यात राबाजवळची ती बाई हात वर करून उभी आहे, आणि मी तोंड फिरवून चाललेय. खाली तुमचं अक्षर, "राब. तिच्या घरचं कुणी असावं. पुन्हा विचारायचं नाही." म्हणजे तुम्हाला शब्द ठाऊक होता! मग मला विचारलंत कशाला? रागच आला मला, आणि मग रडू.

ती माझी मावशी होती, सर. तिनं हाक मारली होती, "कवा आलीस गं?" मी ऐकलंच नाही असं केलं. लाज वाटली मला तिची, त्या सगळ्यांपुढे.

मावशी अजून आहे. परवाही म्हणाली, "तुझ्यावानीच एक पोरगी गेली व्हती बघ, चित्रवाल्यांसंगं." ती खरंच फसली, की तुमच्यासारखी मला जपतेय, कळत नाही. मी म्हणाले, "असंल कुणी."