थंड प्लेटवरचे उंदीर

मॅडम,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी मुलुंडच्या औषध कंपनीतली आपली लॅब मला अजून तशीच दिसते. ऐंशीच्या दशकातले दिवस, मी एम.एस्सी. होऊन नुकतीच तुमच्या हाताखाली लागलेली. डोळ्यांची बाहुली मोठी करायला डॉक्टर जे थेंब घालतात, त्याच जातीचं, नसांचे निरोप झेलणारे मस्करिनिक रिसेप्टर अडवणारं औषध उंदरांना टोचायचं, मग उंदीर गरम प्लेटवर ठेवायचा आणि त्याने पंजा चाटला की स्टॉपवॉच थांबवून त्याला चटकन उचलायचं, हे माझं काम. औषधाने दुखण्यात काही फरक पडणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. पण औषध टोचलेले उंदीर, तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा लवकर पंजा चाटत होते. म्हणजे त्यांना जास्त दुखत होतं.

मी वही घेऊन आले, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "अगं, या औषधाने उंदीर बावचळतो, सैरावैरा पळतो. दुखतंय म्हणून त्याने तुला येऊन सांगितलं का?" मागे कोणीतरी हसलं.

"नाही मॅडम. पण मी बघते."

"बघ. या महिन्यात जादा उंदीर मात्र मिळणार नाहीत."

त्या दिवशी घाटकोपरला घरी जाऊन मी जेवले नाही. सकाळी डोकं ताळ्यावर आलं. प्रश्न बरोबर होता, उत्तर मलाच शोधायचं होतं. महिना थांबले. मग उंदीर सांभाळणाऱ्या, ॲनिमल हाऊसच्या काकांना म्हटलं, "सिरिंज तुम्ही भरा, कशात काय आहे ते मला सांगू नका." आधी प्लेट न तापवताच उंदीर ठेवले. काही जण नुसते हुंदडत राहिले, पंजा कोणी चाटेना. प्लेट तापवल्यावर मात्र, शेवटी काकांच्या यादीशी ताडून पाहिलं तर पुन्हा तेच, औषधवाले आधी चाटत होते. तीनदा केलं. उचलताना उंदराच्या छातीची धडधड बोटांना लागायची. त्याला दुखवतेच आहे, तर निदान पक्कं काहीतरी कळायला हवं, असं वाटायचं.

चौथ्यांदा तुम्ही स्वतः स्टॉपवॉच घेऊन बसलात. तुमचा जेवणाचा डबा तसाच राहिला. काकांनी यादी वाचली, तुम्ही आकडे लावून पाहिलेत आणि चष्मा काढलात.

"पेपर लिहायला घे. पहिलं नाव तुझं."

आता मी शिकवते. मुलांना नेहमी सांगते, माझ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्यावर विश्वास ठेवला. ते खरं नाही. खरं सांगितलं तर तुम्ही जास्त मोठ्या ठराल, हेही कळतं मला. पण ते हसणं अजून कानात आहे, आणि त्याची लाज गेलेली नाही.