मुलांनी फरशा मोजल्याबाबत

दिनांक : २८ मे २०२५

प्रति,
मा. उपनिबंधक साहेब,
सहकारी संस्था, मुलुंड

अर्जदार : नंदकिशोर वामन टिपणीस, निवृत्त, दुसरा मजला, शुभंकर सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व)

विषय : संस्थेतील मुलांनी पाणी पिण्याच्या निमित्ताने घरोघरच्या फरशा मोजल्याबाबत, व त्या अनुषंगाने अर्जदाराचीच आधीची तक्रार तातडीने रद्द करण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा याच महिन्यातील तक्रार अर्ज व त्यावरून संस्थेच्या समितीने केलेला ठराव.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची नात कु. अबोली, इयत्ता चौथी, ही दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्जदाराकडे राहावयास येते. तिचे आईवडील दिंडोशीस राहतात व दोघेही नोकरी करतात. अर्जदाराची पत्नी हयात नाही. वर्षातले एवढेच दिवस घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असतो, हे साहेबांनी कृपया ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

२. यंदा सुट्टी लागताच तिसऱ्या मजल्यावरील कु. संघमित्रा, ज्या एका प्राथमिक शाळेत शिकवतात, यांनी संस्थेच्या कार्यालयात इमारतीतील मुलांचा सकाळचा वर्ग सुरू केला. सुट्टीत मुले शिकलेले सगळे विसरतात, असे त्यांचे म्हणणे. फी विचारली असता, "फी कसली काका? मला पण घरी बसून बोअरच होतं ना!" असे उत्तर मिळाले. मुलुंडमध्ये स्कूटर उभी करायला जागा फुकट मिळत नाही, तेथे गणित फुकट? त्यातच इमारतीच्या पुनर्विकासाची कुजबुज चालू. कुठेतरी पाणी मुरते आहे, या मुलीला कोणा बिल्डरने पुढे केले आहे, असे अर्जदाराच्या मनाने घेतले व त्याने आपल्याकडे तक्रार केली. पळवाट राहू नये म्हणून "कार्यालय, गच्ची, जिना वा कोणतीही सदनिका" येथे सामूहिक शिकवणीस मनाई करावी, असे त्यात मुद्दाम घातले. समितीने तक्रारीची प्रत पाहताच धसका घेऊन तोच मजकूर जसाच्या तसा ठराव म्हणून मंजूर केला आणि कार्यालयाला कुलूप लावले.

३. यानंतर खरा संशयास्पद प्रकार सुरू झाला. इमारतीतील मुले आळीपाळीने अर्जदाराकडे पाणी मागू लागली. पाणी हातात घेत, पण पीत नसत. माना खाली, ओठ हलत. एकाच्या तोंडून "अकरा गुणिले नऊ" असे स्पष्ट ऐकू आले. अर्जदाराची उभी नोकरी विम्याचे दावे तपासण्यात गेली आहे. तहानलेला माणूस जमिनीकडे बघत पाणी पीत नाही, एवढे त्यास कळते. पहिल्या मजल्यावर व तळमजल्यावरही असेच घडल्याचे समजले. घरांचे क्षेत्रफळ काढले जात होते, यात शंका उरली नाही. अर्जदाराने दाराला साखळी लावली व अबोलीस बाहेर जाण्यास बंदी केली. ती भिंतीकडे तोंड करून दिवसभर मोबाईल बघू लागली. जेवायला हाक मारली तरी "हं" एवढेच. हे फोनवरून तिच्या आईच्या कानी गेले. "तिथे नुसतं बसायचं, तर अंधेरीच्या समर कॅम्पला घालते," असे सूनबाई म्हणाल्या. येत्या रविवारी अर्जदाराचा मुलगा चि. धवल तिला न्यावयास येत आहे.

४. अखेर अर्जदाराने पहिल्या मजल्यावरील श्रीमती मालन यांच्या दारात जाऊन, बिल्डर कोण ते सांगा, असे खडसावून विचारले. अबोली सोबत होती. श्रीमती मालन यांनी कपाळावर हात मारून घेतला. "ओ काका, खयचो बिल्डर? पोरांक बसाक जागा व्हयी! सगळा बंद कोणी केल्यान?" असे त्या मोठ्याने म्हणाल्या. त्यावर इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेल्या अबोलीने सांगितले की, कार्यालय बंद झाले त्या दिवशी टीचरांनी शेवटचा होमवर्क दिला होता. एका मुलाला बसायला चार फरशा लागतात, तर सगळे कोणाच्या हॉलमध्ये मावतील, ते काढा. ठरावात सदनिकाही येतात, हे तेव्हा कोणी नीट वाचले नव्हते. तू घरातच असताना बाकीची मुले मोजावयास का आली, असे विचारता ती म्हणाली, "ताळा नको का करायला? टेप आणली असती तर तुम्ही पोलीस बोलावले असते. सगळ्यात मोठा हॉल आपलाच आलाय, आजोबा. पण तुम्हाला विचारणार कोण?"

५. हॉल मोठा आहे, हे खरे आहे. धवलच्या संसारासाठी अर्जदाराने शेजारची सदनिका घेऊन रीतसर परवानगीने मधली भिंत काढली. धवल दिंडोशीस गेला. तेव्हापासून त्या अर्ध्या भागात पाय ठेवण्याचे कारण पडलेले नाही. अर्जदारास त्या दिवशी फार वाईट वाटले, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी.

६. अर्जदार तत्काळ सचिव श्री. जयवंत यांच्याकडे गेला व वर्ग आपल्या घरी भरू द्यावा, असे म्हणाला. "काका, तुम्ही लेखी दिलंत, आता वरून लेखीच आणा. मला लटकवू नका यार," असे ते म्हणाले. "कोणतीही सदनिका" यात अर्जदाराचीही येते, हे मसुदा करताना अर्जदारास सुचले नव्हते.

७. तरी विनंती की, आधीची तक्रार मागे घेतल्याचे समजून तसे पत्र शनिवारपूर्वी संस्थेस द्यावे. संशय पुरता फिटला आहे असे नाही. कु. संघमित्रा फी का घेत नाहीत, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. म्हणूनच वर्ग अर्जदाराच्या डोळ्यांदेखत भरणे हिताचे आहे. आपले पत्र वेळेत न निघाल्यास, शनिवारी सकाळपासून अर्जदार दाराची साखळी काढून ठेवणार आहे व ठरावाचा भंग करणार आहे. तसे झाल्यास हाच अर्ज श्री. नंदकिशोर टिपणीस यांच्याविरुद्धची तक्रार समजून त्याची सावकाश चौकशी व्हावी. शाळा सुरू होईपर्यंत चालली तरी चालेल.

आपला नम्र, व अजून थोडासा साशंक,

(सही)
नंदकिशोर वामन टिपणीस

सोबत :
१. आधीच्या तक्रारीची प्रत.
२. समितीच्या ठरावाची प्रत.
३. कु. अबोलीने काढलेला हॉलचा नकाशा. सर्व मुलांच्या जागा दाखविल्या आहेत. दाराजवळच्या चौकोनात "आजोबांची खुर्ची, इथून सगळे दिसतात" असे लिहिले आहे.