वारा पडेपर्यंत

२९ नोव्हेंबर, शनिवार
हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन आजपासून सुरू. रीमा पहाटे गाडी घेऊन दारात. तिला सांगितलं, आज नको, वारा फार आहे. आमच्या कुशच्या शिकारीच्या जागेवरून पलीकडचा उतार तीनशे यार्ड. एवढ्या आडव्या वाऱ्यात गोळी वीतभर सरकते. हरीण जखमी होऊन पळालेलं मला चालणार नाही. रीमा ओके बाबा म्हणाली आणि कॉफी न घेता गेली. सून समंजस आहे. फेब्रुवारीत कुश गेल्यापासून तीच आम्हा दोघांना सांभाळते, असं लोक म्हणतात. मला तसं सांभाळावं लागत नाही.

सीझन संपला की ती आमचं हे स्टेट कॉलेज गाव सोडून दूर हर्नडनला जाणार, नव्या जॉबवर. त्याआधी एकदा कुशच्या जागेवर माझ्याबरोबर बसायचंय म्हणते. मी शब्द दिलाय. रायफल कुशची, नेम माझा. दोन आठवडे आहेत. घाई नाही.

१ डिसेंबर
कडाक्याची थंडी. थंड हवा दाट असते, गोळीला जास्त अडवते, त्यामुळे गोळी खाली लागते. मी रेंजवर नेम बसवला तो सप्टेंबरच्या उकाड्यात. म्हणजे सगळा हिशेब नव्याने. तक्ता करायला घेतला. जन्मभर डेटावर काम केलंय, हे काही अवघड नाही.

उल्का म्हणाली, आयुष्यात कधी छत्री आठवणीने नेली नाही आणि आता दिवसभर खिडकीत उभं राहून वारा बघताय. बायकोला यातलं टेक्निकल कळत नाही. शिवाय मांस घरात येणार असेल तर वेगळं पातेलं आणा म्हणाली. हो म्हटलं. उद्या बघू.

३ डिसेंबर
दमट. लोकांना वाटतं दमट हवा जड असते. प्रत्यक्षात हलकी असते. गोळीवर परिणाम नगण्य. नगण्य असला तरी दुर्लक्ष बरं नाही. रीमाला मेसेज केला, ह्युमिडिटीमुळे आज कॅन्सल. तिने अंगठा पाठवला.

६ डिसेंबर, शनिवार
आज निघालो. पार्किंगपर्यंत सगळं प्लॅनप्रमाणे. तिथे रीमा नाक वर करून म्हणाली, बाबा, तुमच्या जॅकेटला हिंगाचा वास येतोय. आठवडाभर ते किचनच्या खुंटीवर होतं. त्यात सकाळी तेच घालून कुशच्या फोटोला उदबत्ती लावली. वारा आमच्या पाठीमागून. रीमा म्हणाली, अख्ख्या काउंटीतल्या हरणांना कळलं, आज आमच्याकडे आमटी आहे.

हसली. बऱ्याच महिन्यांनी. मग म्हणाली, कुशच्या जॅकेटलाही यायचा.

मी म्हटलं, परत जाऊ. ती म्हणाली, चालेल हो बाबा, नुसतं बसू तरी. पण काम करायचं तर नीट करावं. परत आलो. जॅकेट बिनवासाच्या साबणात भिजवलं.

९ डिसेंबर
जॅकेट वाळलं. वारा नाही. पण रात्री स्नो पडला. पांढऱ्यावर अंतराचा अंदाज चुकतो. अंतर मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे, तरीही.

जेवताना उल्का म्हणाली, रीमाने पॅकिंग सुरू केलंय. कुशचे बूट बॉक्समध्ये घालताना उल्काला फोन केला होता. मी म्हणालो, हवेचं प्रेशर पडतंय, उद्याही कठीण दिसतं. उल्का ताटावरून उठली. पोळी तशीच राहिली. हल्ली तिची भूक कमी झालीय.

११ डिसेंबर
रीमा संध्याकाळी आली. बसली नाही. म्हणाली, बाबा, कुश म्हणायचा, वारा वाईट असेल तर आणखी जवळ जायचं, नाहीतर रायफल खाली ठेवायची. घरी बसायचं असं कधी म्हणाला नाही. मी तिला तक्ता दाखवला. तिने नीट पाहिला. म्हणाली, खूप छान केलाय. शनिवारी पहाटे येते. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन.

तिचा मुद्दा रास्त आहे. फोरकास्टही बरं दिसतंय, म्हणून हो म्हटलं.

१३ डिसेंबर, शनिवार
शेवटचा दिवस. वारा पूर्ण पडलेला. पानही हलत नव्हतं.

कुशची जागा म्हणजे दोन झाडांमध्ये ठोकलेली एक फळी. त्यानेच ठोकली होती. दोघं बसलो. उजाडलं. मोठा नर आला, तोही पलीकडच्या उतारावर नाही, आमच्या बाजूलाच, अगदी जवळ. एवढ्या अंतरावर वारा, थंडी, दमटपणा, कशानेच काही फरक पडत नाही. तक्ता खिशातून काढायची गरजच नव्हती.

रायफल खांद्याला लावली. स्कोपच्या भिंगातून काही दिसेना. सगळं धूसर. रीमाला हळूच सांगितलं, काच धुरकटलीय, थंडीत श्वासाने होतं असं. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून टिश्यू दिला. मी काच पुसायला लागलो तर तिने मान हलवली आणि दुसरीकडे बघायला लागली. हरीण निघून गेलं.

तरीही मी काच पुसून पाहिली. टिश्यू कोरडाच राहिला.