उलट बोलणारी डवंडी

गुरुजी, फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्ही होतात तोवर लिहायची गरज पडली नाही आणि तुम्ही गेल्यावर धीर झाला नाही. चौथीत माझी शाळा सुटली, तरी तुम्ही मला तुमच्या चुलीपुढे बसवून राखेत सही गिरवायला लावलीत. कोतवालाची नोकरीही तुमच्याच शब्दावर लागली. आणि आज तुमच्या मुलाचे दोन्ही हात माझ्यामुळे मोडलेत.

माझी सून धुळ्याकडची, बोलते अहिराणी. तिनेच मला मोबाईल शिकवला. म्हणाली, नेट आलं तेव्हा मोजके लोक लिहायचे, बाकीचे नुसते वाचायचे. आता त्याची दुसरी पिढी आहे, वाचणाराच लिहितो. मला ते डवंडीवरून समजलं. मी चौकात डफडं वाजवून ओरडायचो आणि गाव ऐकून घरी जायचं. आता डवंडीच उलट बोलते. परवा दुपारी मोबाईलवर, आमच्या भागातल्या ग्रुपवर, तुमच्या मुलाचा फोटो आला. केळीच्या बागेत उभा, हातात कोयता. तो ठिबकच्या नळ्या दुरुस्त करतो, पानं बाजूला करायला कोयता लागतोच. वर एक ओळ होती, 'याला कोण ओळखतं?' खालचं 'आणखी वाचा' मी दाबलंच नाही. कौतुकाने लिहिलं, आमच्या गुरुजींचा गुणी मुलगा, सावद्याला बसस्टँडमागच्या गल्लीत राहतो. आणि अंगठा दिला. जन्मभर मी लोकांचे अंगठे घेतले, त्यांचा अर्थ एकच असायचा, नोटीस पोहोचली.

सुनेने फोन पाहिला आणि किंचाळली, "आबा, हाई काय करं तुम्ही? त्यानावर बाग कापाना आळ शे! हात तोडा, असं लिखेल शे, आनि खाले तुमना अंगठा!"

"अगं, पाहिलं म्हणून दिला."

"अंगठा म्हणजे बरोबर शे! काढा तो, काढा!"

काढता काढता हसरा चेहराच दाबला गेला. तोवर खाली ओळी धावत होत्या. 'कोतवाल आबांची डवंडी आली, चला रे!' 'पत्ता मिळाला.' 'पोचलो.' मग व्हिडिओ आला. तुमच्या मुलाला ते दारातून केसांना धरून ओढतात. तो ओरडतो, "अरे, मालकानेच बोलावलं होतं, पाणी सुटत नव्हतं!" त्याच्याच पिशवीतल्या जाड नळीने त्याला तोंडावर मारतात, रक्त दातांवरून गळ्यात उतरतं. दोघे मनगटं ओट्यावर दाबून धरतात आणि तिसरा कोयत्याच्या मुठीने ठेचतो. एकदा, पुन्हा, पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज त्या फोनमधून ऐकू येतो, गुरुजी. मारणाऱ्यांपैकी कुणाच्या शेतातली केळी कापली होती म्हणाल, तर एकाच्याही नाही. बाग कुणी आडवी केली, ते अजूनही कळलं नाही.

काल जळगावला दवाखान्यात गेलो. दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, ओठ शिवलेला. सून बाहेरच थांबली, तिला सगळं माहीत आहे म्हणून. मी चमच्याने त्याला पाणी पाजलं. तो म्हणाला, "आबा, कुणीतरी माझं घर सांगितलं. ते मारायला आलेले मला ओळखतही नव्हते. तुम्ही गावोगाव फिरलेले. शोधा ना कोण ते."

त्याने अजून तो ग्रुप पाहिलेला नाही, हात चालत नाहीत म्हणून. त्याची बायको फोन दाखवायला गेली तर नको म्हणतो. पण किती दिवस? माझ्या तोंडून आधी कळलं तर तो मला दारात उभं करील का, की दुसऱ्याकडून कळू द्यावं, काही सुचत नाही. जेवण जात नाही. आणखी एक कबूल करतो, हे सुनेलाही सांगितलं नाही. त्या ओळी धावू लागल्या तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं ओरडलो, कुणी उत्तर दिलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? उशीखाली ठेवतो. मंगळवारी त्याचे टाके काढायचे आहेत, मला यायला सांगितलंय. मी त्याला म्हणालो, शोधतो. त्याआधी काहीतरी कळवा, गुरुजी. लवकर कळवा.