जिवंत माणसाचं नाव

पोटोमॅकची तर, ४ मे १७६६

ती. सौ. मार्ग्रेटताईस,
जोस्टचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. घोडेही खुशाल आहेत, आणि आमच्या मालकाच्या लेखी तेच आधी सांगायचं असतं. नदी फुगली आहे, तरवाला गाडे घेत नाही, म्हणून पिंपावर कागद ठेवून लिहितो आहे. दोन हिवाळ्यांच्या शाळेत आलं तेवढंच माझं अक्षर. लागलं नाही तर दाजींना दाखव. ते माझ्याहून वाईट लिहितात, त्यांना बरोबर लागेल.

गाड्यात मीठ आणि नांगराचे फाळ आहेत. खाली शेनान्डोहच्या खोऱ्यात उतरवायचे आणि येताना कातडी भरायची. घरचं शेत सोडून हे गाडीवानाचं खूळ कशाला, असं तू विचारलंस. खरं सांगू का, टुल्पेहॉकेनच्या त्याच त्या टेकड्या बघून माझे पाय नुसते खाजत होते. पण आईला जे सांगून निघालो तेही खोटं नव्हे. कोल्ब गिरणीवाला आपल्या प्लोनीताईला ह्याच रस्त्यानं घेऊन गेला.

मला तर ती आठवतही नाही. बाबा जहाजात वारले, आणि आमचं भाडं भरून त्याबदली आम्हाला कामाला नेणारी माणसं कप्तानानं आईपुढे उभी केली, तेव्हा मी दोन वर्षांचा. नऊ वर्षांची प्लोनी अठराची होईपर्यंत कोल्बच्या घरी कामाला, आणि आपल्या दोघांना घेऊन आई टुल्पेहॉकेनला दुसऱ्याच्या चुलीपाशी. मग कोल्ब खाली खोऱ्यात गेला, फ्रेंचांशी लढाई पेटली, आपलंही घर जळलं, आणि तिकडचे निरोप थांबले. हे सगळं मला तूच सांगितलंस. आई ह्यातलं अक्षर काढत नाही.

दाजी म्हणाले होते की अकरा वर्षांनी शोधायला जाणं म्हणजे वाहून गेलेल्या पाण्यावर काठी मारणं. मारून बघतो. गिरण्यांवर, चर्चच्या दारात, जिथं जिथं आपली जर्मन माणसं भेटतील तिथं विचारत जाईन.

तू जड उचलू नकोस. आईला दंडवत. माझ्यावर रागावायचं तेवढं रागाव, त्यासाठी माया मात्र खर्चू नकोस.

तुझा,
जोस्ट


टुल्पेहॉकेन, २ जून १७६६

चि. जोस्ट यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र लँकेस्टरच्या गाडीवानानं आणून दिलं. तुझ्या दाजींनी ते सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं आणि म्हणाले, पोरगा खुशाल दिसतो, शाई बरीच सांडली आहे. जवस हातभर आला आहे. तांबडी गाय व्याली. सफरचंदाला मोहोर चांगला होता. टिकला तर मुरंब्याच्या कढईला तुझी आठवण होईल, कारण ढवळायला हक्काचा माणूस गेला.

एक गोष्ट तुला सांगायची आहे, इथं कुणाला सांगता येत नाही. मुलगी झाली तर तिचं नाव अपोलोनिया ठेवायचं, आणि प्लोनी म्हणून हाक मारायची, असं माझ्या मनात आहे. लहानपणी माझी वेणी तीच घालायची, अगदी करकचून. जहाजातसुद्धा. मी आईपाशी हे काढलं. ती पाव मळत होती. तिचे हात थांबले.

आपली रीत तुला ठाऊक आहे. जिवंत माणसाचं नाव द्यायचं तर त्यानं स्वतः बाप्तिस्म्याला उभं राहायचं, बाळ हातावर घ्यायचं आणि आपलं नाव आपण द्यायचं. नाहीतर गेलेल्या माणसाचं ठेवायचं. तिसरी वाट नाही. आई म्हणाली, प्लोनी येणार आहे का उभी राहायला? मग म्हणाली की असं असेल तर तू बाळाचं नाव ठेवत नाहीयेस, माझ्या लेकीला मूठमाती देते आहेस. मी म्हटलं, आठवण राहावी म्हणून गं. तर म्हणाली, आठवणीचं काम माझ्याकडे आहे, तू तुझ्या पोराचं बघ. दोन दिवस आमचा अबोला होता. तिसऱ्या दिवशी मीच मीठ मागितलं.

तेव्हा जोस्ट, आता सगळं तुझ्याकडे. असेल तर शोध, नसेल तर तसं कळव. पण काय ते एकदा कळू दे. असं अर्धवट नको.

मोजे पाठवले आहेत, पायात घाल, विकू नकोस. लिहिण्याचा आळस करशील तर कान दुखेल.

तुझी,
मार्ग्रेट


शेनान्डोहचं खोरं, १३ जुलै १७६६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आधी तू एकटीनं वाच.

कोल्बची गिरणी सापडली. म्हणजे काळे दगड सापडले. पाटात बेडूक होते आणि जात्याच्या पाळूवर गवत. जवळ रुडी बाउमान नावाचा म्हातारा राहतो, आपल्यातलाच, पण लांब दाढीवाल्या मेनोनाइट पंथातला. त्यानं मला आंबवलेला कोबी आणि राईचा पाव वाढला, आणि मी खाऊन होईपर्यंत काही बोलला नाही. तेव्हाच मला कळलं.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी इंडियनांची धाड आली. कोल्ब आणि त्याची बायको अंगणातच गेली. म्हाताऱ्यानं स्वतः दोघांना पुरलं. घरी कामाला एक थोराड मुलगी होती, प्लोनीच म्हणायचे तिला. ती त्या दिवसानंतर कुणाला दिसली नाही. इथून वर आणि खाली आपल्या जेवढ्या वस्त्या आहेत तेवढ्या मी पालथ्या घातल्या. इथल्या दोन्ही पाद्र्यांना भेटलो. सगळे टोपी काढतात आणि मान हलवतात.

मी त्या जात्यावर बसलो. रडू यायला हवं होतं. पण तिचा चेहराच आठवत नाही, तर रडायचं कुणाला बघून? तुला निदान वेणी तरी आहे.

ताई, तू नाव ठेव. दुसरं काय करणार. आईला एवढंच सांग की जोस्ट अजून विचारतो आहे. ते खोटंही नाही, मी विचारतोच आहे, फक्त उत्तर ठरल्यासारखं आहे.

बाळंतपण सुखरूप होऊ दे. तू आहेस ह्याच्यावर माझा फार भार आहे, तो सोस.

तुझा,
जोस्ट


टुल्पेहॉकेन, २० ऑगस्ट १७६६

चि. जोस्ट यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू मामा झालास. मुलगी. एक ऑगस्टला, भर कापणीत, म्हणजे कुणालाच सवड नसताना. तिचे दाजी, चुकले, तुझे दाजी तिला भोपळा म्हणतात, आणि दिसतेही तशीच. दुसरं नाव अजून नाही. का नाही ते ऐक.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. पण दरवेळी मी मोठ्यानं वाचते आणि ह्या वेळी मनात वाचलं, एवढं तिला पुरलं. म्हणाली, वाच. सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत टिपूस नाही. मग विचारलं, तिला पुरल्याचं कुणी म्हणालं का? मी म्हटलं, नाही. मग विचारलं, जोस्टनं आपल्या माणसांखेरीज कुणाला विचारलं? मी पत्र पुन्हा पाहिलं. तसं कुठं लिहिलेलं नाही.

तेव्हा जी सुरू झाली. म्हणाली, ह्या पोराचा घोडा सुटला असता तर आयरिशाला, इंग्रजाला, रस्त्यानं जाणाऱ्या कुत्र्याला विचारत सुटला असता. बहीण हरवली तर फक्त आपल्या चर्चच्या दारात उभा राहतो. पळणारी पोर समोरच्या दारात आपलं जर्मन गाणं म्हणतात का बघून आत शिरते का? हे सगळं लिही म्हणाली, आणि शेवटचं ठळक लिही. लिहिलं.

पाद्रीबाबा येऊन गेले. बाळाला असं बिननावाचं ठेवणं त्यांना पसंत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा येतील, त्यापुढे थांबणार नाही म्हणाले. यांची बहीण सुझाना उभी राहायला तयार आहे. तिचं नाव वाईट नाही. पण मी बाळाला दूध पाजताना कानात कुठलं नाव म्हणते ते मी कुणाला सांगत नाही, आणि म्हटलं की मलाच भीती वाटते. तूच सांग, मी चुकते आहे का?

आयरिश वस्त्यांत जा. जपून जा, ते फार पाजतात. तुझी वाट बघणं हेच सध्या आमचं मोठं काम.

तुझी,
मार्ग्रेट


शेनान्डोहच्या वर, आयरिश वस्ती, २१ सप्टेंबर १७६६

ती. सौ. ताई, आणि ती. आई,
दोघींना सा. न. वि. वि.

आहे. ताई, ती आहे. समोर बसली आहे, शेंगा सोलते आहे, आणि लवकर लिही म्हणून मला टोचते आहे.

आता नीट सांगतो. आईचं बोलणं वाचून मी पश्चिमेच्या घळीत शिरलो. तिथं सगळे आयरिश. चार घरी खुणा करून विचारलं, चार घरी मला दारू मिळाली. पाचव्या ठिकाणी ओढ्यावर घोडे पाजत होतो तर कानावर काय आलं, आपली बोली. सहाएक वर्षांची मुलगी कडेवरच्या भावाला दटावत होती की चड्डी ओली केलीस, आता वाळत घातल्यासारखा उभा राहा. तोंड आयरिश, शब्द आईचे. मी आपल्या बोलीत नाव विचारलं. म्हणाली, मी मार्ग्रेट. आणि हा? हा जोस्ट. मी विचारलं, कुणाचं नाव गं हे? तर एखादी जुनी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, मावशीचं आणि मामाचं. ते वर टुल्पेहॉकेनला मेले. हा मामा तर अगदी लहानच मेला.

एवढ्यात मागून प्लोनीताई आली. मी टोपी काढून नाव सांगितलं. तिनं जवळ येऊन माझं नाक बघितलं आणि म्हणाली की हे बाबांचं, माझ्या वाट्याला आलं नाही, देवाची कृपा. नंतर रागावली. मेलेल्या माणसानं असं न कळवता ओढ्यावर येऊन घोडे पाजत उभं राहू नये म्हणाली. आणि मग खाली बसली ती उठेचना. मला रडू आलं, ताई. चेहरा मिळाल्यावर आलं.

धाड आली तेव्हा ती पाटाची फळी काढायला गेली होती. पाण्यातून तशीच खाली गेली आणि जे पहिलं दार दिसलं त्यात शिरली. ते दार ह्यूच्या आईचं. ह्यू म्हणजे आमचे नवे दाजी. माणूस सोन्यासारखा. मला भाषा येत नाही म्हणून माझ्याशी फार मोठ्यानं बोलतात. टुल्पेहॉकेनात एक माणूस उरलं नाही असं तिला कुणा पळून आलेल्यानं सांगितलं होतं. म्हणून तिनं आपली नावं पोरांना दिली. आपण मेलेले, तेव्हा रीतीप्रमाणेच.

पण हे ऐक. मधली एक मुलगी आहे, तिचं नाव आग्नेस, ह्यूच्या आईचं. मी विचारलं, आईचं का नाही दिलंस? आईही मेलीच होती ना तुझ्या हिशेबी. ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, दोनदा ठरवलं, पाद्र्यासमोर उभं राहिल्यावर जीभच उचलली नाही. आईच्या कानावर गेलं तर ती रागावेल असं वाटायचं.

ह्यू ऑक्टोबरात गुरं घेऊन लँकेस्टरला जातात. ह्या वेळी ती बरोबर निघाली आहे, घोड्यावर, धाकट्याला पुढ्यात घेऊन. मी नाही म्हटलं असतं तरी निघाली असती. मला मालकानं पुढं कॅरोलिनाला धाडलं आहे, तेव्हा माझी खुर्ची ह्यूला द्या. पाद्रीबाबांना सांग, थांबा. सुझानालाही सांग, राग धरू नकोस.

ह्या पत्रावर तिच्या बोटांचे हिरवे डाग पडले आहेत, ते पुसू नकोस. मी दोन बहिणींचा भाऊ आहे हे आता जरा लक्षात ठेवून माया वाटा.

तुमचा जिवंत,
जोस्ट


टुल्पेहॉकेन, ९ नोव्हेंबर १७६६

चि. जोस्ट यास,
अ. उ. आ. वि. वि.

आले रे सगळे. मंगळवारी दुपारी. आई दारात होती, तीन दिवस दारातच होती, फक्त झाडते आहे असं दाखवत होती. अंगण इतकं स्वच्छ कधी नव्हतं. प्लोनी घोड्यावरून उतरली. जहाजावरच्या ताटातुटीनंतर सतरा वर्षांनी आई पहिलं काय म्हणाली असेल? म्हणाली, डोक्याला काही बांधलं नाहीस, थंडी बाधेल. आणि स्वतःचा रुमाल सोडून तिच्या डोक्याला बांधायला लागली, पण गाठ काही बसेना. मी बांधायला गेले तर दोघींनी मला हाकललं.

काल बाप्तिस्मा झाला. प्लोनीनं बाळ हातावर घेतलं. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाचं नाव? तिचा आवाज आत राहिला. तेव्हा मागच्या बाकावरून आई म्हणाली, माझ्या लेकीचं, ती उभी आहे ती. चर्चमध्ये असं मधे बोलत नाहीत. पाद्रीबाबांनी तेच नाव घेऊन पाणी घातलं. भोपळ्याचं नाव आता अपोलोनिया, पण तुझे दाजी हट्टानं भोपळाच म्हणतात.

पाद्रीबाबा नंतर प्लोनीला म्हणाले की दोन जिवंत माणसांची नावं मागे न विचारता देऊन ठेवलीत, हे रीतीला धरून नाही. प्लोनी म्हणाली, ज्यांची आहेत त्यांनी परत मागितली तर देते. मी मागणार नाही. तू मागशील का?

ह्यू आणि यांचं छान जमलं आहे. दोघं दिवसभर कुंपण दुरुस्त करतात, एकमेकांचं एक अक्षर कळत नाही, म्हणून भांडण नाही.

आता मुख्य. प्लोनीला पुन्हा दिवस आहेत, वसंतात. काल जेवताना ती आईला म्हणाली की मुलगी झाली तर तुझं नाव, कॅथारिना, ठेवू का. आई म्हणाली, नुसतं विचारून नाव मिळत नाही. मग उठली, आपली पेटी ओढून झाकण उघडलं आणि उबदार कपडे एका बाजूला काढायला लागली. खाली खोऱ्यात जायचं म्हणते, तुझ्या गाड्यातून. त्यांच्या पाद्र्याला ही आपली रीत चालत नाही, ते फक्त आईबापांनाच उभं करतात, असं ह्यूनं खुणांनी सांगून पाहिलं. आई म्हणाली, त्याच्याशी मी बोलेन.

तेव्हा मार्चमध्ये रिकाम्या पिंपांशेजारी एका माणसाची जागा ठेव. मिठाच्या गोण्यांवर बसणार नाही असं तिनं आत्ताच सांगितलं आहे. लवकर ये, आणि आमच्या चौघींची माया उतरवून घ्यायला गाडा रिकामा आण.

तुझी,
मार्ग्रेट