मास्तरांची प्रतिक्रिया

बुधवार, १२ मार्च

प्रिय ताई,

खोकला थांबला का तुझा? काढा वेळेवर घेत नसशील, मला माहीत आहे. भाऊजींना म्हणावं, जरा डोळे वटारा. इकडे मी बरी आहे. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू आज तुमच्याच गावाला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनच केला असता, पण परवा फोनवर तू हसत सुटलीस. कागदावर मला मध्येच तोडता येणार नाही.

आधी कामाचं. लेकीला रविवारी पाठवू नकोस. घरात रंगकाम काढलंय, सगळा पसारा झालाय.

नाही गं, रंगकाम वगैरे काही नाही. तुला मारलेली थाप मला कधी पचली आहे?

तू ज्यांना ‘तुझे मास्तर’ म्हणून चिडवतेस ना, त्यांच्याबद्दल लिहायचंय. माझ्या ब्लॉगवर बाकीचे ‘छान’ म्हणून पुढे जातात. हे मात्र परिच्छेद-परिच्छेद लिहितात, प्रत्येक वाक्य वाचून. तूच म्हणालीस, असा वाचक जपावा. माझा नियम तुला ठाऊक आहे: विचार करून लिहिलेल्या प्रतिक्रियेचा मान राखायचा, सुचवलेलं करून बघायचं आणि पुढच्या लेखात कळवायचं. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरावर लिहिणारीला असे सल्ले हवेच असतात.

त्यांनी लिहिलं, खुर्ची खिडकीकडे वळवा, लिहिताना डोळ्यांना विसावा मिळेल. मी वळवली. मग म्हणाले, जाड पडदा काढा, घर मोठं वाटेल. काढला. मग दिवा खुर्चीच्या मागे ठेवायला सांगितला. तोही ठेवला, आणि स्वतःवर खूश होऊन चहा करायला गेले. परत आले तर प्रतिक्रिया हजर होती: ‘आता छान दिसतं.’

ताई, मी अजून फोटो टाकलाच नव्हता.

समोरच्या इमारतीत शंभरेक खिडक्या आहेत. कोणाकडे बघू? चौकीवर जाऊन आले. हवालदारांनी चष्मा लावून सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या, अगदी मन लावून. मग म्हणाले, “बाई, हा माणूस फार चांगलं लिहितो. यात धमकी कुठंय?” खरंच कुठेच नाही. मलाच वेडं ठरवून परत पाठवलं.

सोमवारी कुलूप बदललं. कोणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही. काल मास्तरांनी लिहिलं की दाराला जुनंच कुलूप शोभत होतं. म्हणजे समोरच्या खिडकीचं राहू दे, माणूस जिन्यापर्यंत येऊन गेलाय. मला भीती वाटते, ताई. दाराची कडी लावूनही वाटते.

पडदा पुन्हा लावावासा वाटतो, पण लावत नाही. लावला तर त्यांना कळेल की मला कळलंय. म्हणून संध्याकाळी त्याच खुर्चीत बसते आणि लिहिल्यासारखं करते. हे पत्र मोरीत बसून लिहितेय. घरातली एवढीच जागा त्यांनी लावून दिलेली नाही.

आता जे लिहायचं टाळतेय ते. आज सकाळी त्यांनी विचारलं, दुसरी गादी घातलीत, छोटी पाहुणी येणार वाटतं? त्याखाली तुझं उत्तर आहे. हौसेनं लिहिलंयस की हो, माझी लेक, पहिल्यांदाच एकटी येतेय, रविवारी सकाळच्या बसने, लाल दप्तर घेऊन. त्यांनी तुझे आभार मानलेत.

तुझ्यावर रागावले नाहीये. चांगल्या वाचकाशी बोलावं हे तुला मीच शिकवलं. ते उत्तर पुसू नकोस, आणखी एक शब्दही लिहू नकोस. लेकीला घरात ठेव, शाळेत सोडायला भाऊजींना जाऊ दे.

रविवारी मी स्टँडवर जाणार आहे, काकूंच्या दोन धिप्पाड भावांना घेऊन. त्या बसमधून लाल दप्तर उतरणार नाही. तरीही दाराशी त्याची वाट बघत कोण उभं राहतं, ते मला बघायचंय.

लेकीला मावशीचा पापा. तिला खिडकीत बसू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी