आठ आकड्यांचा खेळ

प्रिय नाइते,

इकडे व्हावाऊ बेटावर व्हॅनिला फुलावर आली आहे. एकेक फूल हाताने पराग लावून फळवता फळवता सकाळ सरते. तुझी आई वेलींजवळ खुर्ची टाकून बसते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचे शब्द गेले ते गेलेच. ‘पाणी’ म्हणायचं असलं तरी नुसते ओठ हलतात. पण मागच्या महिन्यात चर्चमध्ये गंमत झाली. फळ्यावर गाण्याचा क्रमांक लागला ३९१. सगळे उठून उभे राहतात न राहतात तोच आई खणखणीत आवाजात म्हणाली, “सतरा! तेवीस!” फुसीआत्याने वळून पाहिलं. “अगं वहिनी, गाणं एकच म्हणायचंय!” लोक माना खाली घालून हसत होते. मी मात्र तिचा हात धरून तसाच बसलो. किती महिन्यांनी तिचा आवाज ऐकला होता! घरी येऊन गुणाकार करून पाहिला. बरोबर तीनशे एक्क्याण्णव.

तेव्हापासून घरात हाच उद्योग. मी आकडा पुढे करायचा, तिने फोडायचा. आत्यालाही नाद लागलाय. “माझ्या गाडीचा नंबर फोड बघू,” म्हणाली. तो तिनानेच फुटला, तर रुसली, “इतकी का साधी माझी गाडी?”

परवा आईने आपणहून खडू उचलला. डाव्या हाताने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलं, ७३९३९१३३. मग तळव्याने शेवटचा तीन झाकला आणि दाराकडे पाहिलं. अलीकडचा तीन झाकला, पुन्हा दाराकडे. मला आधी उमजेना. मग आठवलं, तू लहान असताना हा तुमचा खेळ होता. मागून एकेक आकडा झाकत ती विचारायची, उरलेल्याला कशाने भाग जातो? तू उड्या मारत ओरडायचीस, “कशानेच नाही!” शेवटी एकटा सात उरला तरी कशानेच नाही. असा याहून मोठा आकडा नाहीच, हे तुम्ही दोघी मला अशा तोऱ्यात सांगायचात, जणू तो तुम्हीच लहानाचा मोठा केलाय.

म्हणून मी म्हणालो, “कशानेच नाही.” तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, आणि तळवा न हलवता दाराकडेच बघत राहिली.

गेल्या नाताळात तू आलीस, तेव्हा तिला तुझं नाव घेता आलं नाही. ऑकलंडच्या विमानात बसताना तू म्हणालीस, “बाबा, तिने मला ओळखलंच नाही. आता येऊन काय करू?” त्याचं उत्तर आज लिहितो आहे. नाव तेवढं तिच्या ओठांवर येत नाही, पोरी. वाट ती तुझीच बघते. आत्या कुरकुरते, पण टेबल मी कुणाला पुसू दिलेलं नाही. आम्ही खाली चटईवर जेवतो. ये.

तुझाच,
बाबा